शास्त्रीय संगीताचं मासिक दिसावं कसं?

प्रश्न असा आहे. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला प्रकल्प म्हणून हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचं मराठी मासिक करायचं आहे: मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि आतली दोन जोडपानं. मार्गदर्शकांनी सांगितलंय, 'त्या संगीतप्रकाराचे दृश्य संकेत पाळ.' तिने रॉक, पंक, हिप-हॉपची परदेशी मासिकं चाळली, त्यांचे संकेत तिला लगेच सापडले. आपल्या गाण्याचे मात्र तंबोरा, मोरपीस आणि तपकिरी रंग यांपलीकडे काही सापडेनात. ते वापरले की लग्नपत्रिका वाटते, सोडले की अंक कशाचा आहे तेच कळत नाही. मग पाळायचं काय?

मी बावीस वर्षं मासिकं, दिवाळी अंक आणि संगीत महोत्सवांच्या स्मरणिका यांची मांडणी करत आले आहे, आणि या पेचात मीही बरीच वर्षं अडकले होते. त्यामुळे जरा लांबून सुरुवात करते. तुम्ही जे परदेशी अंक पाहिलेत त्यांचे संकेत आले कुठून, ते आधी बघू.

जुलै १९७६. लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या, बँकेत कारकुनी करणाऱ्या तरुणाने 'स्निफिन ग्लू' हे पंकचं पत्रक काढलं. मजकूर टाइपरायटरवर, मथळे जाड स्केचपेनने हाताने लिहिलेले, आणि छपाई म्हणजे झेरॉक्स. त्याच्याकडे होतं ते एवढंच. आज कुठलाही डिझायनर पंकसाठी फाटके कागद आणि वाकडी अक्षरं लावतो, ती त्या परिस्थितीतून आलेली आहेत. जॅझचंही तसंच. ब्लू नोट कंपनीच्या तबकड्यांची वेष्टनं १९५०च्या दशकाच्या मध्यापासून रीड माइल्स करत होता. रेकॉर्डिंग चालू असताना फ्रान्सिस वुल्फने काढलेली कृष्णधवल छायाचित्रं त्याच्या हाताशी असत आणि पुष्कळदा छपाईचं बजेट दोनच रंगांचं. मग तो चेहरा कापायचा, त्यावर एकच रंग चढवायचा आणि उरलेल्या जागेत अक्षरं मोठी करायचा. जॅझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजून तेच येतं. आणि १९८१मध्ये 'साउंड्स' साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालेल्या 'केरँग' या हेवी मेटलच्या अंकाचं नाव म्हणजे मुळात गिटारवर जोरात छेडलेल्या कॉर्डचा आवाज. नावाची अक्षरं तडकलेल्या काचेसारखी का, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं बघा. नाटक विनोदी की ऐतिहासिक की कौटुंबिक, हे नाव वाचायच्या आधी अक्षराच्या वळणावरून कळायचं. दृश्य संकेत म्हणतात तो हा: वाचणाऱ्याच्या आणि करणाऱ्याच्या मधली जुनी ओळख.

तेव्हा आपल्या गाण्याचे संकेत शोधताना प्रश्न असा विचारा, की ही माणसं गाणं करताना, शिकताना, ऐकायला जाताना कुठल्या वस्तू हाताळतात? कुठले कागद त्यांच्या हातात येतात? ग्रंथालयात जाऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'संगीत कला विहार'चे जुने अंक काढा, ते १९४७ पासून निघतंय. हाथरसचं 'संगीत' त्याहून जुनं, १९३५ पासूनचं. संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचा एखादा भाग घ्या. महोत्सवांच्या स्मरणिका, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका, घरातल्या जुन्या एल.पी.ची वेष्टनं, सगळं टेबलावर पसरा. आणि एका छोट्या बैठकीला जाऊन दोन तास बसा. मोरपीस यातल्या कशातही फारसं दिसणार नाही. ते क्लिपआर्टच्या सीडीतून आलं. तुमच्या डोक्यातला तंबोराही बहुधा तिथूनच आलाय, म्हणून एक तपासून बघा: त्याच्या दांडीवर पडदे काढलेत का? पडदे सतारीला असतात, तंबोऱ्याला नसतात. असं चित्र आतल्या पानावर कोपऱ्यात जरी छापलं, तरी मिरजेत तंबोरे करणारा कारागीर अंक तिथेच मिटवेल.

या पसाऱ्यातून मला जे खरे संकेत सापडले, त्यातला पहिला म्हणजे साथसंगतीची नावं. कुठलीही निमंत्रणपत्रिका उघडा. गायकाच्या नावाखाली तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, हे क्रमाने येतं. रॉकच्या अंकात बँडचं एक नाव पुरतं. आपल्याकडे वाचक आधी 'साथीला कोण होतं' हे शोधतो. त्यामुळे प्रत्येक मैफिलीच्या वृत्तांतावर, मथळ्याच्या लगेच खाली, एक ठरलेली चौकट ठेवा: कलाकार, साथ, राग, ताल, स्थळ. हीच चौकट, याच क्रमाने, याच मापात, अंकभर. इंग्लंडातलं 'ग्रामोफोन' १९२३ पासून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डींचं परीक्षण करतंय. त्याच्या परीक्षणांवरही रचनाकार, रचना, वादक असा माहितीचा पट्टा ठरलेला असतो आणि तोच त्या अंकाची ओळख होऊन बसलाय. तानपुऱ्यावरच्या विद्यार्थ्याचं नाव मात्र जागा नाही म्हणून कापू नका. त्याच्या घरी त्या अंकाच्या पाच प्रती जातात आणि जपल्या जातात.

दुसरा संकेत नावांचा. पंडित, उस्ताद, विदुषी हे मुखपृष्ठावर येणारच, त्याची लांबी गृहीत धरून मथळ्याची ओळ आखा. पण याच वाचकाच्या तोंडी कुमारजी (कुमार गंधर्व), किशोरीताई (किशोरी आमोणकर), अण्णा (भीमसेन जोशी) अशीही नावं असतात. मोठ्या अक्षरात 'किशोरीताई' आणि खाली बारीक अक्षरात पूर्ण नाव, ही मांडणी मराठी वाचकाला आपली वाटते. नुसतं 'किशोरी' असं मोठं लावलंत तर कुणालाही खटकेल. परदेशी अंकांची नक्कल करताना हे पहिल्यांदा घसरतं.

आता छायाचित्रं. इथे मला जरा थांबायचंय.

पहिली गोष्ट, छायाचित्र कधीही उलटं करू नका. नजर पानाच्या आत वळावी म्हणून चेहरा आरशात फिरवण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. फॅशनच्या अंकात ते चालून जातं. इथे तबलजीचा डग्गा, म्हणजे डाव्या हाताने वाजवायचा मोठा तबला, डावीकडचा उजवीकडे जातो, सतारीची दांडी भलत्या बाजूला वळते, आणि वाजवणारा माणूस एका क्षणात डावखुरा होतो. तबल्याची शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा गोल, मधोमध असते, डग्ग्याची एका बाजूला सरकलेली. ज्याने आयुष्यात एकदा तरी डग्ग्यावर हात ठेवलाय, त्याला फसवता येत नाही.

दुसरी गोष्ट, हात. ब्लू नोटच्या वेष्टनांवर चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत कापलेला सुंदर दिसतो, आणि तोच मोह इथे होतो. ख्याल गाणाऱ्याचा हात मात्र स्वराबरोबर चालत असतो. भीमसेन जोशींच्या मैफिलीतली छायाचित्रं पाहा, तान कुठे निघालीय ते त्यांच्या हातावरून कळतं. मनगटापाशी कापलेला हात म्हणजे अर्धवट वाक्य. चेहरा लहान झाला तरी चालेल, हात पूर्ण ठेवा.

तिसरी गोष्ट शिकायला मला वेळ लागला. हयात कलाकाराचं कृष्णधवल छायाचित्र पानाच्या मधोमध ठेवलं, भोवती बारीक रेघेची चौकट दिली आणि खाली नाव टाकलं, की मराठी वाचकाला ती श्रद्धांजली वाटते. नावाखाली जन्मवर्ष असेल तर विचारायलाच नको. मी एका ज्येष्ठ गायिकेच्या पंचाहत्तरीनिमित्त नेमकं असंच पान केलं होतं. अंक बाहेर पडला त्या दिवशी त्यांच्या घरचा फोन वाजत राहिला. त्यांनी मला रागावून काही म्हटलं नाही, तरी ते पान मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून हयात व्यक्तीचं कृष्णधवल छायाचित्र मी नेहमी एका बाजूला सरकवते, ब्लीडमध्ये, म्हणजे समास न सोडता पानाच्या कडेपर्यंत, नेते आणि त्यावरच मथळा चढवते.

कृष्णधवल वापरावं लागतंच, कारण हल्ली सभागृहांत जांभळे-निळे एलईडी दिवे असतात. त्या उजेडात चेहऱ्याचा रंग छपाईत सुधारता येत नाही, सीएमवायके या चार शायांच्या छपाईत आणखी मळकट होतो. जुन्या पिवळ्या दिव्यांत काढलेलं छायाचित्र असेल तर रंगीत ठेवा, तो ऊबदारपणा या गाण्याचाच आहे. तपकिरी रंगाबद्दल तुम्ही विचारलंत तर माझं मत असं की छायाचित्राला सेपिया करू नका, रंग वस्तूंमधून घ्या: तंबोऱ्याच्या पॉलिश केलेल्या भोपळ्याचा तांबूस, हस्तिदंती पट्टीचा पिवळट पांढरा, शालीच्या काठाचा मरून, तबल्याच्या शाईचा काळा. एका अंकाला यातले दोन पुरतात.

मुखपृष्ठावरचं नाव. परदेशी अंकांत कलाकाराचं डोकं नावाच्या अक्षरांवर येतं, तुम्हालाही तसंच हवं असणार. रोमनमध्ये ते जमतं, कारण अक्षरांचा वरचा अर्धा भाग दिसला तरी शब्द वाचता येतो. देवनागरीत वर सगळ्यांना सारखी शिरोरेषा, अक्षराची ओळख पटते ती तिच्याखाली. खालून डोकं घुसलं की पोट, शेपटी, उकार सगळं जातं आणि हातात नुसती रेघ उरते. समजा नाव 'आरोह' ठेवलंत. 'आ'च्या कान्यावर डोकं आलं तर चालेल, काना झाकला तरी मनात पुरा होतो. 'रो'वर आलं तर 'आह' एवढंच वाचलं जाईल. म्हणून छायाचित्र निवडायच्या आधी नावाची अक्षरं काढा आणि झाकायला चालेल अशी जागा त्यात कुठे आहे ते हेरा. वरच्या कडेपासून अंतरही जास्त सोडा, मात्रा आणि वेलांट्या शिरोरेषेच्या वर जातात आणि कटिंगमध्ये छाटल्या जातात. बोरूने किंवा ब्रशने लिहिलेलं नाव हा आपल्या संगीतविषयक छपाईचा जुना संकेत आहे आणि तो मला आवडतो. फक्त तो स्वतः लिहा, फॉन्टमधला घेऊ नका. फॉन्टमधले दोन 'र' हुबेहूब सारखे येतात आणि हाताने लिहिल्याचं सोंग उघडं पडतं.

मजकुरासाठी एक टाइपच्या 'मुक्ता'सारखा शांत फॉन्ट घ्या, ११ पॉइंट अक्षर, १७ पॉइंट ओळ. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सोय चालू करायला आणि भाषा मराठी निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ल, श हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाने २००९मध्ये या अक्षरांची मराठी रूपं प्रमाण म्हणून ठरवली आहेत. मराठी संगीताच्या अंकात ती चुकू नयेत.

आणि आता ज्या पानासाठी मी हे सगळं लिहितेय ते पान: स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर कागदावर लिहायची पद्धत.

रॉकच्या अंकात पोस्टर असतं, जॅझच्या अंकात तबकड्यांची यादी. आपल्या संगीतविषयक अंकांत जुन्या काळापासून बंदिशीचं पान असतं, स्वरलिपीसह. माझ्या दृष्टीने आपल्या प्रकाराचा सर्वांत ठळक दृश्य संकेत हाच: मात्रांच्या उभ्या रकान्यांत बसलेले स्वर, खाली बंदिशीचे शब्द, आणि तालातल्या सम (पहिली मात्रा), टाळी आणि खाली (टाळी न देण्याची जागा) यांच्या खुणा. ते पान लांबून दिसलं तरी कळतं की हे गाण्याचं मासिक आहे. तुमच्या दोन जोडपानांपैकी एक याला द्या. मार्गदर्शकांना संकेत दाखवायला तेवढं एक पुरेल.

हे पान अवघड आहे, म्हणूनच बहुतेक जण टाळतात. भातखंडे पद्धतीत तार म्हणजे वरच्या सप्तकाच्या स्वरावर टिंब, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाच्या स्वराखाली टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. आता देवनागरीत वरचं टिंब म्हणजे अनुस्वार आणि खालचं टिंब म्हणजे नुक्ता, असं संगणक समजतो. 'सा'वर अनुस्वार दिला की तार षड्ज छान दिसतो. 'रे'वर दिला की टिंब मात्रेच्या कुशीत जाऊन बसतं. 'नि'वर दिला की वेलांटीत अडकतं आणि लहान आकारात दिसतच नाही. माझ्या एका सुरुवातीच्या अंकात मी अशीच अनुस्वारांनी लिपी लावली होती. छापखान्यात फाइल उघडताना फॉन्ट बदलला गेला आणि अंतऱ्यातली, म्हणजे बंदिशीच्या वर चढणाऱ्या दुसऱ्या भागातली, निम्मी टिंबं गळाली. प्रूफ वाचायला एक निवृत्त संगीतशिक्षक होते. त्यांनी चष्मा लावला आणि पान समोर धरून ते सरळ गायलाच लागले. अंतरा वर चढेना. तार षड्जाच्या जागी ते मध्य षड्जावर येऊन थांबले, पुन्हा पहिल्यापासून गायले, पुन्हा तिथेच थांबले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'बाई, हे जसं लिहिलंय तसंच गातोय मी.' तेव्हा मला कळलं की या पानावरची टिंबं लोक गातात.

तेव्हापासून मी टिंब आणि रेघा अक्षर म्हणून टाइप करत नाही. स्वर फॉन्टचा, खुणा मी काढलेल्या, स्वराला जोडून बसवलेल्या, आणि छापखान्यात जाण्याआधी सगळ्याच्या आउटलाइन केलेल्या, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि फॉन्ट बदलला तरी काही हलत नाही. चाचणीसाठी दरबारी कानडा या रागाची एखादी बंदिश घ्या. त्यात गंधार, धैवत, निषाद कोमल, आणि मंद्र सप्तकातलं काम भरपूर. म्हणजे एकाच 'ध'खाली रेघही येते आणि टिंबही. नेहमीची अंडरलाइन लावली तर ती टिंबाच्या मधून जाते. रेघ अक्षरालगत वर आणि टिंब तिच्याखाली, असं अंतर हाताने ठरवा. दरबारी नीट बसली की बाकीचे राग अडत नाहीत.

पद्धत कोणती ते पानावर छापाच. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत स्वरावरचं टिंब मंद्राचं असतं आणि तार सप्तकाच्या स्वराला वर उभी रेघ. म्हणजे तीच खूण एका पद्धतीच्या विद्यार्थ्याला वर नेते आणि दुसऱ्याला खाली. दोन ओळींची खूणसूची प्रत्येक बंदिशीखाली द्या, अंकात एकदाच देऊन भागत नाही, कारण लोक पान फाडून वहीत ठेवतात.

मोजमापही आधी करा. ए-फोर पानाला दोन्हीकडे २० मिलिमीटर समास सोडले तर १७० मिलिमीटर उरतात. तीनतालाच्या सोळा मात्रा एका ओळीत घेतल्या तर मात्रेला साधारण साडेदहा मिलिमीटर. स्थायीला, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाला, ते ठीक. पण चौपट तानेत एका मात्रेत चार स्वर येतात, म्हणजे स्वराला अडीच मिलिमीटरच्या आसपास, त्यात 'नि' मावत नाही. बंदिश सोळाच्या ओळीत आणि ताना आठ-आठ मात्रांच्या ओळीत, अशी विभागणी मला सोयीची पडते. त्याच आठ रकान्यांचं ग्रिड बाकीच्या अंकालाही लावता येतं. फक्त झपतालाच्या दहा आणि रूपकाच्या सात मात्रा त्या आठांत कोंबू नका, त्या पानाला त्याचे रकाने द्या. विभागांच्या उभ्या रेघा बारीक, समेची खूण ठळक. नजर पानावर फिरताना समेवर येऊन टेकली पाहिजे.

कागद चकचकीत आर्टपेपर नको. तुमचा वाचक या पानावर पेन्सिलने लिहिणार: श्वास कुठे, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठे, गुरूंनी काय बदलून सांगितलं. आर्टपेपरवर पेन्सिल उमटत नाही आणि दिव्याची तिरीप पडली की स्वर दिसत नाहीत. ९० जीएसएमचा, चकाकी नसलेला मॅपलिथो घ्या. छायाचित्रं त्यावर थोडी गडद येतात, तेवढी आधीच उजळ करून ठेवा.

बांधणी सेंटर पिनची ठेवा. चिकटवलेला अंक जमिनीवर ठेवला की आपोआप मिटतो, आणि हा अंक वाचला जातो तेव्हा वाचणाऱ्याचा एक हात संवादिनीच्या भात्यावर असतो आणि दुसरा पट्ट्यांवर. स्थायी डाव्या पानावर आणि अंतरा समोरच्या उजव्या पानावर येईल अशी पानं लावा, म्हणजे गाता गाता पान उलटावं लागणार नाही. पहिली डमी झाली की ती घेऊन गाणं शिकणाऱ्या कुणाकडे तरी जा, सतरंजीवर ठेवा आणि त्यांना अंतऱ्यापर्यंत गाऊ द्या.